स्पॅममध्ये गेलेल्या मित्रास

डमडम, कोलकाता
रविवार, दुपार

प्रिय दिलीपराव यांस,

डमडमहून विनायकचा नमस्कार, आणि प्रेमलतेचा त्याहून जरा जास्त. आमची दोघांची प्रकृती वयाला शोभेल इतकी बिघडलेली आहे. तुझीही तेवढीच असो, त्याहून नको. गुडघा काय म्हणतो? नाशिकची थंडी त्याला मानवते का? चि. अनिकेत आणि सौ. सानिका मजेत असतील. (मजेत आहेत हे मला ठाऊक आहे, कारण तुझ्या सुनेला मी अधूनमधून फोन करतो. हे तिने तुला सांगितलं नसेल तर तू हा कंस वाचला नाहीस असं समज.) 'राव' लावल्याबद्दल दचकू नकोस. इतके महिने उत्तर न देणाऱ्या माणसाला 'अरे दिल्या' म्हणावं की नाही, याबद्दल मनात शंका होती, म्हणून सुरुवातीला आदर दाखवून ठेवला. पुढे तो टिकेल याची हमी नाही.

आता हा गृहस्थ मेल सोडून कागदावर का आला, ते सांगतो. सुमनवहिनी गेल्या, तू इथला संसार आवरून अनिकेतकडे नाशिकला गेलास, आणि त्यानंतर तुला जेवढे मेल पाठवले त्यांतल्या एकाचंही उत्तर मला आलेलं नाही. यावर मी बराच विचार केला आणि अशा निष्कर्षाला आलो की ते स्पॅममध्ये जात असावेत. म्हणजे लॉटरी लागली, टक्कल जाईल, घरबसल्या कर्ज घ्या असले मेल ज्या कोठडीत डांबतात, तिथे माझी पत्रंही बसलेली असणार. खातरजमा करावी म्हणून मी शेजारच्या खोलीत बसलेल्या प्रेमलतेला एक मेल पाठवला. विषय लिहिला, 'अत्यंत महत्त्वाचे, ताबडतोब उघडा'. आत लिहिलं की चहा कर. तो मेल थेट तिच्या स्पॅममध्ये गेला. मला इतका आनंद झाला की मी चहा स्वतःच केला. प्रेमलता म्हणाली, "मशीन हुशार आहे. मला तुम्हाला ओळखायला किती वर्षं लागली!" पण माझं काम झालं होतं. दिलीपने उत्तर दिलं नाही असं नाही, दिलीपपर्यंत पोचलंच नाही, हे सिद्ध झालं. तो आठवडा फार चांगला गेला.

मग दुर्बुद्धी अशी झाली की हा प्रश्न मी इंटरनेटवरच्या मराठी संगणक कट्ट्यावर नेला. कट्टा तुला सांगायला नको; एके काळी तू तिथे लोकांची व्याकरणं आणि प्रोग्रॅम दोन्ही सरळ करायचास. आता तो चैत्राली नावाची मुलगी सांभाळते. पुण्याची आहे, शांत आहे, आणि कोणालाही हाकलताना 'कृपया' म्हणते. मी साधा प्रश्न विचारला होता, की मित्राने मित्राला पाठवलेलं पत्र स्पॅममध्ये का जावं? ठाण्याचा कोणी मंदार आहे, फोनवरची ॲप्स बनवतो, तो म्हणाला की पाठवणारा कोण याला काही अर्थ नाही; घेणाऱ्याला जे नको असतं ते स्पॅम. झालं. अर्धे म्हणाले बरोबर, अर्धे म्हणाले मग घरी येणारे पाहुणे काय, एकाने लग्नपत्रिकांचा विषय काढला, आणि बघता बघता पन्नास माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. मला मात्र मंदारचं ते वाक्य लागलं. घेणाऱ्याला जे नको असतं ते. म्हणजे मशीनचा दोष नाही, तर... असो. मी त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. 

आणि इथे माझा घात झाला. कट्ट्याची नवी रचना ज्याने केली त्याने 'उत्तर द्या' आणि 'सर्व सदस्यांना मेल करा' ही दोन बटणं एकमेकांना चिकटवून ठेवली आहेत, दोन्ही फिकट राखाडी. मी एक दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही. म्हटलं माझ्या बोटात जोर नाही, म्हणून आणखी काही वेळा दाबलं. कट्ट्याच्या जगभरच्या समस्त सदस्यांना स्पॅमच्या निषेधाचं माझं ते पत्र इतक्या वेळा गेलं, की सिंगापूरच्या एका बाईंनी मला नोकरी शोधून देऊ का म्हणून विचारलं. सुमित नावाच्या कोणीतरी माझ्या नावापुढे 'आद्य मराठी स्पॅमर' अशी पदवी लावली. चैत्रालीने लिहिलं, "काका, कृपया एकदाच दाबा."

मी काही ऐकून घेणारा नाही. मी लिहिलं, बटण दाबल्यावर ते दाबलं गेलंय हे माणसाला कळायला नको का? मंदार म्हणाला, वापरणाऱ्याने वाचायला शिकलं पाहिजे. तेव्हा मात्र मी तुझं उदाहरण दिलं. मी सांगितलं की दिलीप नावाचा माझा एक मित्र फोर्ट विल्यममध्ये सैन्याच्या बांधकाम खात्यात होता, मी बजबजच्या तेलाच्या डेपोत. आमच्या बदलीच्या नोकऱ्यांत गाव सुटलं होतं, घरी पत्रं मराठीत टाईप करायची सोय नव्हती, म्हणून या माणसाने रविवारी मेट्रोने डमडमला येऊन माझ्या टेबलावर 'कित्ता' नावाचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम लिहिला. (मी मदत केली, म्हणजे मागे उभा राहून चुका काढल्या.) आणि तो झाल्यावर स्वतःच्या बायकोला समोर बसवलं, तिला एक अक्षर समजावून सांगितलं नाही, आम्हालाही तोंड उघडू दिलं नाही, आणि म्हणाला, "सुमनला जे जमणार नाही ती चूक माझी." तुला आठवतंय, वहिनी आईला पत्र लिहायला बसल्या आणि ळ सापडेना? 'फराल मिलाला, बालाला आवडला' असं लिहून हसत सुटल्या. म्हणाल्या, बंगाल्यांना लागत नाही म्हणून तुम्हीही ळ काढून टाकलात की काय? वर म्हणाल्या, शेजारच्या घोषबाबूंनी आयुष्यभर मला 'बाल' म्हटलं, निदान माझ्या आईने तरी म्हणू नये. (बाळ हे माहेरचं आडनाव इथे सासरी येऊनही वहिनींना चिकटलं होतं.) तू त्याच दुपारी ळ उचलून उजव्या करंगळीखाली आणून ठेवलास. करंगळीतसुद्धा ळ आहे हे वहिनींनीच दाखवलं, आणि प्रेमलतेने त्यावर सगळ्यांना पुन्हा चहा दिला.

हे सगळं मी कट्ट्यावर लिहिलं नाही, अर्धंच लिहिलं. पण जेवढं लिहिलं ते वाचून मंदारने मला वेगळा मेल केला (तो स्पॅममध्ये गेला नाही). म्हणाला, काका, माझ्या आजीच्या कॉम्प्युटरवर अजून कित्ता आहे. ती दुसऱ्या कशावर टाईप करतच नाही. आता तो कॉम्प्युटर मरायला टेकलाय. मी कित्ता फोनवर आणू का? मी म्हटलं, आण, कोण अडवतंय! 

अडवलं जयप्रकाशने. हे सद्गृहस्थ सॉफ्टवेअरच्या परवान्यांचे जाणकार आहेत. त्यांनी विचारलं, कित्ता कोणत्या परवान्याखाली दिला होता? मी म्हटलं परवाना कसला, दिलीपने तो इथल्या मराठी मंडळातल्या घराघरात फुकट वाटला, फुकट म्हणजे सगळ्यांचा. जयप्रकाश म्हणाले, परवाना लिहून दिलेला नसेल तर तो कोणाचाच नाही, फक्त लिहिणाऱ्याचा; त्याची परवानगी हवी. मी म्हटलं, फुकट, मुक्त आणि बेवारस हे तिन्ही एकच. त्यावर जे रण माजलं ते तू बघायला हवं होतंस. लोकांनी मला कायदे पाठवले, निबंध पाठवले, एकाने तक्ता काढून पाठवला. मी रोज त्यात एक नवी चूक घालत गेलो. अखेर मी लिहिलं, की लिहिणारा राहू दे, मी परवानगी देतो, कारण करंगळीखालची ती ळची जागा मीच सुचवली होती.

दिलीप, यावर कोणीही काही बोललं नाही. एवढ्या मोठ्या कट्ट्यावर एकालाही ठाऊक नव्हतं की हे खोटं आहे. उलट मंदारने आभार मानले आणि सांगितलं, फोनवरच्या कित्त्यात माहितीच्या पानावर तुमचं नाव टाकतो. मी घाईघाईने ते मागे घ्यायला गेलो, तर चैत्रालीने मला तोपर्यंत काही दिवसांची सक्तीची विश्रांती दिली होती. माझं खातं बंद. मंदारला मेल केला, तर तो गेला होता कुठल्या डोंगरावर. नंतर चैत्रालीचा फोन आला. आवाज अगदी आमच्या लेकीसारखा, नूपुरसारखा आहे. (नूपुरला आता मराठीत फोन केला की ती हिंदीत उत्तर देते आणि इंग्रजीत ठेवते, इथे जन्मलेल्या मुलीला मी काय दोष देऊ?) चैत्राली म्हणाली, "काका, एक विचारू? तुम्ही मुद्दाम चुकीचं लिहिताय का? मी तुमच्या जुन्या पोस्ट वाचल्या. तेव्हा तर तुम्ही परवान्यांवर सगळं अचूक लिहिलं होतं."

मी म्हटलं, "वय झालं, विसरलो."

"मग दिलीपकाका का काही लिहीत नाहीत?"

"मेल स्पॅममध्ये जात असतील."

ती म्हणाली, "काका, कट्ट्यावर कोण कधी येऊन गेलं ते मला दिसतं. ते रोज येतात. सगळं वाचतात. लिहीत नाहीत, एवढंच."

फोन ठेवल्यावर मी गच्चीत जाऊन उभा राहिलो. वरून विमानं जात होती. डमडमला त्यांची पोटं दिसतात, तुला ठाऊकच आहे. पूर्वी आपण चौघं कोणाची बदली कुठे होणार यावर पैजा लावायचो. एक एक करत सगळे गेले. मंडळाच्या संक्रांतीला आता तिळगूळ वाटणारे घेणाऱ्यांपेक्षा जास्त असतात. बाजारात नोलेन गूड, म्हणजे थंडीतला खजुरीचा ताजा गूळ, आलंय, प्रेमलतेने त्याच्याच पोळ्या केल्या, तुला आवडतात तशा जरा करपवून. दिवसभर मी हिंदी, बंगाली, इंग्रजी बोलतो. मराठी फक्त घरात, आणि घरात बोलण्यासारखं बहुतेक बोलून झालंय.

तेव्हा माझी मागणी अगदी छोटी आणि सरकारी आहे. तू चैत्रालीला तुझ्या पत्त्यावरून एक मेल कर. कित्ता सर्वांना मोकळा आहे एवढं लिही, आणि ळची जागा कोणाची आहे ते लिही. मंदार पुढच्या महिन्यात तो फोनवर आणतोय. नंतर ते पान कोणी बदलणार नाही. माझं नाव तिथे राहता कामा नये. खरं ठाऊक असलेली माणसं आता आपण तिघंच आहोत, आणि त्यातल्या एकाला बंदी आहे, त्याच्या शब्दाला कट्ट्यावर आता किंमतही नाही. एक मेल लिहायला कष्ट होत असतील तर सानिकेकडून लिहून घे. मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

अनिकेतला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
विनायक

ता. क. : मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल असं वर लिहिलंय ते सौजन्य म्हणून. चालणार नाही.

ता. क. : भाऊजी, मी प्रेमलता. हे पत्र टाकायला माझ्या हातात दिलंय म्हणून उरलेल्या जागेत लिहिते. यांना परवान्यातलं सगळं येतं. आधी बरोबर काय ते बघून घेतात आणि मग नेमकं उलटं लिहितात. म्हणाले, "दिलीपला चुकीचं सहन होत नाही, तो ताबडतोब मला गाढव म्हणायला येईल." मग पडद्यापुढे बसून राहायचे. कोणीतरी दुसराच माणूस गाढव म्हणायचा आणि हे हिरमुसून उठायचे. ळचं लिहिलं त्या दिवशी जेवले नाहीत. सुमनची आठवण काढायला मला कोणी नाही हो इथे. यांच्यापाशी काढली की हे बटणांवर बोलायला लागतात. तुम्ही रडलात तरी चालेल, भांडलात तरी चालेल. पण दोन्ही इथे येऊन करा.

ता. क. : प्रेमलतेने वर काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. (वाचलं.) आता खरं ते सांगतो. सानिकेवर रागावू नकोस, तिने फक्त तुझी बॅग भरली आहे. नाशिकरोडहून हावड्याचं तिकीट मी काढलंय, पुढच्या शुक्रवारचं, खालचा बर्थ. परतीचं काढलेलं नाही. रात्री डबा सानिका देईल, सकाळचा चहा गाडीतला घेऊ नकोस. आणि उतरताना घाई करू नकोस. हावडा शेवटचं स्टेशन आहे, गाडी तिथून पुढे कुठेही जात नाही. मी फलाटावर आहे.