बादलचा नववा दिवस

अमरावती,
शुक्रवार, दुपारचे दोन

प्रिय माधवी,

सप्रेम जयभीम.

बादल ठणठणीत आहे. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण पाकीट फोडून तू आधी तेवढंच शोधशील. चावल्यावर त्याला माझ्याकडे आणून सोडलं, त्याला आज नववा दिवस. सकाळी पाणी प्यायला, दूध-भाकर खाल्ली आणि तुझ्या भावनावहिनीने वाळत घातलेल्या ओढणीचं टोक चावून ठेवलं. माणसाला चावलेल्या कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं. तेवढ्यात तो आजारी पडला नाही, तर पिसाळलेला नव्हता असं धरतात. तो पाण्याच्या भांड्याकडे निघाला की मी हातातलं काम टाकून बघत राहतो. पहिले चार दिवस तर त्याच्या चालीकडे बघून बघून माझेच पाय अडखळायला लागले होते. तुझ्या सासूबाईंना, मैनाबाईंना, मात्र सांग, डॉक्टर म्हणतील तितकी इंजेक्शनं पुरी घ्यायची, बादल कितीही बरा दिसला तरी.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. उचललास तरी तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो, आणि मला जे सांगायचं ते आधी तुझ्या एकटीच्या कानावर जायला हवं. भावना चारच्या एसटीने अकोल्याला निघतेय. मावशीला भेटायचं निमित्त आहे, पण खरं काम हे पत्र तुझ्या हातात ठेवण्याचं. म्हणजे माझ्याकडे दोन तास आहेत, आणि तुला ठाऊकच आहे, दहावीनंतर मी निबंध लिहिलेला नाही.

उद्या सकाळी दहाला स्वप्निलराव गाडी घेऊन येणार. बादलला न्यायला, आणि सोबत एक कागद न्यायला. हे त्यांनी तुला सांगितलंय की नाही, कोण जाणे. तुमच्याकडचे जनावरांचे डॉक्टर धडधाकट कुत्र्याला शेवटची सुई द्यायला तयार नव्हते. फारच मागे लागल्यावर म्हणाले, शिकवणाऱ्याने लेखी दिलं तर बघू. सोमवारी मला फोन आला, "दादा, तुमी फक्त दोन ओळी लिहून द्या. कुत्रं डेंजर हाय, सुदरत नाही, बस्स. मंग पुढचं मी पायतो." मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या आईच्या उजव्या हाताला नऊ टाके पडलेत, मूठ मिटत नाही, पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलतात. कोणाही मुलाचं डोकं फिरेल. तो कागद सोमवारपासून माझ्या टेबलावर आहे. वर माझं नाव छापलेलं आहे, खाली जागा कोरी आहे.

त्या दिवशी काय घडलं ते मी तुझ्याकडून नाही, त्यांच्याकडून ऐकलं. बादल दोन दिवस कान खाजवत होता. मैनाबाईंनी पळीत तेल घेतलं, लसणाच्या चार पाकळ्या कडकवल्या, तेल कोमट होऊ दिलं. आपली आई हेच करायची. माझ्या उशीला तिच्या तेलाचा डाग कायमचा बसला होता. म्हणजे बाईंनी मायेनंच केलं. हात कानाजवळ गेला तसा बादल मागे सरकला. त्यांनी तुला हाक मारली. तू त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलंस आणि म्हणालीस, "घाला आई, काई नाही करत तो. माह्या दादानं शिकवला हाय."

नऊ दिवस तेच वाक्य माझ्या डोक्यात आहे. भावना विचारते, काहून जेवत नाही तुमी? मी म्हणतो, ऊन लागलं. आणि मावशीकडून ऐकून ती सांगते, तिकडे तूही जेवत नाहीस, शाळेत रजा टाकलीस, सासूबाईंच्या खोलीत जाताना पदर तोंडाला लावतेस. सगळे म्हणतात, कुत्रा गुरगुरला नाही, भुंकला नाही, एकदम तोडलं. म्हणून तो बेइमान. आणि डोकं तू धरलं होतंस म्हणून अपराधी तू.

उत्तमराव आठवतात तुला? भातकुली रस्त्यावर शेतात चार पिंजरे बांधून कुत्रे शिकवायचे, पांढऱ्या मिशांचे. मी पोलीस भरतीत तीनदा छातीच्या मापात नापास झालो. श्वान पथकात जायचं स्वप्न होतं, ते तसंच राहिलं, तेव्हा बाबांनी मला त्यांच्याकडे नेऊन सोडलं. बाबा पाटबंधारे खात्यात शिपाई. पोरगा कुत्र्यांची घाण उचलतो हे त्यांनी ऑफिसात कधी कोणाला सांगितलं नाही. उत्तमरावांची पद्धत सोपी होती. गळ्यात आवळणारी साखळी, हातात वेताची छडी. कुत्रा गुरगुरला की साखळीला हिसका आणि नाकाडावर फटका. म्हणायचे, "त्याले तोंड खायाले देल्लं हाय, उलटून बोलाले नाही." पंधरा दिवसांत कसलाही राक्षस मेंढरासारखा व्हायचा. मालक खूश होऊन जायचे. मला तेव्हा ती जादू वाटायची. दोन वर्षांत माझा हात त्यांच्यापेक्षा तेज चालायला लागला, आणि त्याचा मला अभिमान होता. लपवून काय करू?

पुढे नागपूरला एका शिबिरात आठ दिवस राहिलो. तिथे एका बाईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं, गुरगुरणं बंद केलंत, पण त्याच्या मनातली भीती गेली का? परत आल्या आल्या सगळ्या साखळ्या भंगारात घातल्या. मग कलेजीचे उकडलेले तुकडे खिशात ठेवून काम सुरू केलं. कपड्यांना वास येतो म्हणून भावना वेगळी बादली ठेवते. कुत्र्याला जे येतं त्याची शाबासकी, जे येत नाही त्यासाठी धीर. दारावर पाटी लावली, "मारहाण न करता शिकवणी". अक्षरांचा पिवळा रंग तूच निवडला होतास.

आता जे येणाऱ्या प्रत्येक मालकाला सांगतो, ते तुला सांगतो. लहानपणी तू माझ्या दंडाला चावली होतीस, खूण अजून आहे. मी तुझी वेणी ओढत होतो. पण तू आधी तीनदा ओरडली होतीस, "दादा सोड, नाहीतर चावीन." मी ऐकलं नाही, तो माझा गाढवपणा. कुत्र्याचं गुरगुरणं म्हणजे तेवढंच असतं. सोड, नाहीतर चावीन. ते चांगल्या कुत्र्याचं लक्षण आहे. ते ज्याच्याकडे नाही, तो थेट चावतो.

बादल आला तेव्हा मी पहिल्याच दिवशी आमच्या डॉक्टरांना बोलावलं. कान आतून सडला होता, पू होता. त्यावर तेल म्हणजे जखमेवर तिखट. मुसकं बांधून रोज दोनदा औषध घालायचं होतं. पहिल्या दिवशी बाटली घेऊन जवळ गेलो तर अंग लाकडासारखं ताठ, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागलेला, ओठ चाटत होता. आवाज मात्र काही नाही. श्वाससुद्धा रोखलेला. आणि मग एकदम मुसक्यासकट माझ्या मनगटावर आदळला. मुसकं नसतं तर मलाही नऊ टाके पडले असते. मी तिथेच जमिनीवर बसलो, कारण ती गप्प राहण्याची तऱ्हा मी ओळखत होतो. तसे कुत्रे मी उत्तमरावांच्या पिंजऱ्यात पाहिले होते. तसे कुत्रे मी घडवले होते.

माधवी, दोन वर्षांपूर्वी तू बादलला एकवीस दिवस माझ्याकडे सोडलंस. आठवतं? मैनाबाईंना तो नको होता. "माय वो, हे माह्याकडे पाहून गुरगुरते, याचं तेवढं बंद करून द्या." त्याच बाई तुझ्या लग्नात सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, नवरीचा भाऊ कुत्रे शिकवते म्हंते, मंग माणसं कोन शिकवते? सगळे हसले, मीही हसलो, पण ते माझ्या मनातून गेलं नव्हतं. मला त्यांना दाखवून द्यायचं होतं. चौदा दिवस मी नीट काम केलं, कलेजी दिली, धीर धरला. तो सुधारत होता, पण हळूहळू. कोणी हात जवळ नेला की गुरगुरायचाच. एकवीस दिवसांत होणारं ते काम नव्हतं. त्यासाठी दोन महिने लागले असते, आणि मी फोन करून तसं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पंधराव्या दिवशी भावना माहेरी गेली, मी फाटक बंद केलं, आणि माळ्यावरून एक जुनी साखळी काढली. सगळ्या भंगारात घातल्या असं मी वर लिहिलंय. एक ठेवली होती.

सहा दिवस लागले. दाराबाहेर पिवळ्या अक्षरांची पाटी, आणि आत मी. तू न्यायला आलीस तेव्हा तो तुझ्या पायाशी गपगार बसला. तू विचारलंस, "दादा, इतक्या लवकर कसं जमलं?" मी म्हणालो, कलेजीची कमाल. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. त्यानंतर मैनाबाईंना त्याचा लळा लागला, त्या त्याच्यासाठी वेगळी भाकर टाकायला लागल्या, आणि मी ते ऐकून फुशारलो.

या नऊ दिवसांत मी उलटं काम करतोय. बाटली घेऊन लांब उभा राहतो. तो ताठला की मागे सरकतो आणि कलेजीचा तुकडा टाकतो. त्याला एवढंच कळायला हवं, की त्याने नको म्हटलं तर ऐकलं जातं. औषध घालायचं तेवढं भावना त्याला मुसक्याच्या फटीतून खाऊ घालत असताना घालतो. कान आता सुकलाय. आज सकाळी मी बाटली घेऊन तीन हातांवर गेलो, आणि तो गुरगुरला. अगदी बारीक, घशातल्या घशात, आणि लगेच डोळे मिटून मान खाली घातली. तो फटक्याची वाट बघत होता. मी बाटली खाली ठेवली, मागे झालो, आणि खिशातली सगळी कलेजी त्याच्यासमोर ओतली. मग मला रडू आलं. भावनाने धावत येऊन विचारलं, चावलं का? तेव्हा तिलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, आज एसटीने मी जाते, तुम्ही लिहा.

पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी. टेबलावरचा कागद मी दुपारी भरला. दोनच ओळी लिहिल्या. या कुत्र्याची गुरगुर मी मारून बंद केली होती. चाव्याची जबाबदारी माझी आहे. खाली सही केलीय. तो कागद स्वप्निलरावांच्या हातात मी स्वतः देईन, पण बादलला नेऊ देणार नाही. तो मरेपर्यंत माझ्याकडे राहील. मग त्यांच्याच गाडीत बसून तुमच्या घरी येईन आणि मैनाबाईंसमोर बसून हेच सांगेन. त्या काय म्हणतील ते म्हणोत, पाटीही उतरवतोय. पण घरात मी तोंड उघडण्याआधी हे तुला कळायला हवं होतं, म्हणजे माझी बाजू घ्यायला तू उठणार नाहीस. लहानपणापासून उठत आलीस, उद्या उठू नकोस. तू त्याचं डोकं धरलंस ते माझ्या शब्दावर, आणि तो शब्द खोटा होता. आज रात्री जेव, माधवी. उद्या मी दारात आलो की तुला जे बोलायचं असेल ते सगळं मोठ्याने बोल. मी मागे सरकेन, पण जाणार नाही.

तुझाच,
दादा
(अश्विन)