शंभरात त्र्याऐंशी

वरची वाडी, जि. रत्नागिरी
बुधवार, १२ फेब्रुवारी १९८६

प्रिय रघूदादा,

हे पत्र काशीरामच्या हाती देते आहे. तो उद्याच्या मुंबई एसटीने निघतो, परवा सकाळी गोदीच्या फाटकावर तुला गाठेल. आधी तार करणार होते. ‘आई सिरियस, ताबडतोब ये’ एवढं लिहिलं असतं तर तू धावत आला असतास, पण डोक्यात तेच घेऊन आला असतास जे आत्ता आहे. थोडक्यात कळवल्याने आपल्या घराचं जे व्हायचं ते होऊन गेलं आहे, म्हणून या वेळी सगळं लिहिते. मी तुझ्यावर चिडले आहे. हेही आधीच सांगते, म्हणजे ओळींमधून शोधत बसायला नको.

पुण्याहून निघून मी शनिवारी दुपारी घरी पोचले. आई पडवीत कुळीथ निवडत बसली होती. मी तिला चालवत खालच्या वाण्याकडे नेलं आणि काट्यावर उभं केलं. अडतीस किलो. इस्पितळाच्या डिसेंबरच्या कागदावर सेहेचाळीस आहे. डाव्या गालातली गाठ आता बाहेरून दिसते, लिंबाएवढी. खाणं म्हणजे पेज, तीही गाळून. डोळे पिवळे. दिवसातून दोनदा उलटी, कातळवेलीच्या पाल्याचा काढा घेतल्यानंतर साधारण अर्ध्या तासाने. उलटी काढ्याने होते हे मी खात्रीने सांगते. डोळे काढ्याने पिवळे झाले असं म्हणणार नाही, कारण ते मला माहीत नाही. माहीत नसेल तर तसं म्हणायचं, हे मी कामाच्या ठिकाणी शिकले. घरी पत्र लिहिताना मात्र विसरले. त्यावर पुढे येते.

तीस दिवस लाईट, म्हणजे कॅन्सरच्या गाठीवर किरणांचा शेक, घ्यायची ठरली होती. अकरा झाली. बाराव्या दिवशी, ९ जानेवारीला, तू तिला इस्पितळाऐवजी एसटी स्टँडवर नेलंस. मला ते सव्वीस दिवसांनी कळलं, तेही तुझ्याकडून नाही. शेजारच्या मथुराकाकूंनी कुणाकडून तरी कार्ड लिहवून घेतलं होतं. कार्ड कौतुकाचं होतं. मुंबईचे दाक्तर माणसाला भाजून काढतात आणि आमची राही पाल्याने बरी करते, सगळ्या वाडीत तुझंच नाव आहे, वगैरे. मी ते पुण्याला आमच्या संशोधन संस्थेच्या व्हरांड्यात उभी राहून तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा मला वाटलं की ते दुसऱ्याच कुणा राहीला आलं आहे.

माझं डिसेंबरचं पत्र तुझ्या ट्रंकेत असेल. काढायची गरज नाही, मला ते पाठ आहे. ‘दादा, गंमत म्हणजे आपली कातळवेल यादीत पहिली आली. कॉम्प्युटरने तिला शंभरात त्र्याऐंशी दिले.’ त्याखाली पाव पान कोरं उरलं होतं. तिथे मी त्या रेणूचं चित्र काढलं, सहा कोनांची चार घरं एकमेकांना चिकटलेली. चित्र सुबक आलं होतं.

आता ते त्र्याऐंशी काय होते ते वाच. ज्यांची परीक्षा आधीच झालेली आहे असे एकशेबारा पदार्थ आम्ही घेतले. काही कॅन्सरच्या पेशी मारणारे, काही न मारणारे. परीक्षाही माणसावर नव्हे, काचेच्या बशीतल्या पेशींवर झालेली. प्रत्येकाची माहिती कार्डांवर छिद्रं पाडून कॉम्प्युटरला दिली. रेणू केवढा आहे, तेलात किती विरघळतो, पाण्यात किती, विजेचा भार कुठे साठतो. त्यावरून त्याने एक समीकरण बसवलं. मग कोकणातल्या झाडांमधले अडतीस पदार्थ दिले आणि विचारलं, यातले कोणते त्या मारणाऱ्यांसारखे दिसतात. कातळवेलीच्या पानातला एक दिसला. याचा अर्थ एवढाच की बशीतल्या पेशींवर करून बघायचंच असेल तर यापासून सुरुवात करा. तेही अजून झालेलं नाही. तो पदार्थ आमच्या संस्थेत कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. त्याची रचना मी एका जुन्या प्रबंधातून उतरवून घेतली होती. पानात त्याच्याबरोबर आणखी काय काय आहे, हे मी विचारलंही नव्हतं. मी न विचारलेल्या गोष्टीचं उत्तर कॉम्प्युटर कुठून देणार?

तुला इस्पितळात सांगितलं होतं की तीस लाईट पुरी घेतली तर शंभरातले चाळीस बरे होतात. तू ते चाळीस आणि माझे त्र्याऐंशी शेजारी ठेवलेस आणि मोठा आकडा उचललास. पण ते चाळीस म्हणजे माणसं आहेत, दादा. आजारी पडली, लाईट घेतली, पाच वर्षांनी मोजली तेव्हा चालती-बोलती होती, अशी माणसं. माझ्या त्र्याऐंशीत एकही माणूस नाही. तुला शंका आली नाही? एवढं जालीम औषध सापडलं असतं तर तुझ्या बहिणीने ते पत्राच्या शेवटी ‘गंमत म्हणजे’ करून लिहिलं असतं का? एक कार्ड टाकून विचारायचंस. पंधरा पैशांचं कार्ड. जाहिरातीतला फेसाचा साबण घेतानासुद्धा तू दुकानदाराला तीन प्रश्न विचारतोस.

रविवारी मी वर कातळाच्या सड्यावर, तुला पाला देणाऱ्या रावजींकडे गेले. भांडायला गेले होते, भांडता आलं नाही. त्यांनी मला बसायला घोंगडी टाकली आणि मी विचारायच्या आधी स्वतःच बोलले. “माझ्या बापसानं ही वेल कधी पोटात दिलान नाय गो. वाटून गळवावर लावायची, नि लगेच हात धुवायचं. पन रघू म्हनाला, मशीनीत पास झाली. मी काय मशीनीपरास शाना?”

हे वाक्य तीन दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. या वेलीबद्दल खरोखर करून पाहिलेली अशी एकच माहिती जगात होती, ती म्हणजे पोटात देऊ नये. ती दोन पिढ्या त्या म्हाताऱ्याजवळ होती. माझ्या कार्डांवर तिच्यासाठी छिद्र नव्हतं. तू ती ऐकलीस, कारण त्यांनी तुलाही सांगितली होती, आणि माझं नाव घेऊन खोडून काढलीस. रावजींच्या अंगणावरून मी दहा वर्षं शाळेत गेले, पण यादी करताना त्यांना विचारावं असं मलाही वाटलं नाही. यादीत ती वेल घेतली त्यालाही शास्त्रीय कारण काही नव्हतं. प्रबंधात आपल्या परसातलं नाव दिसलं, बरं वाटलं, घातलं.

रावजींनी पाला देणं बंद केलं आहे. त्याचा उपयोग नाही, घरामागच्या कातळावर ती वेल हवी तेवढी आहे आणि आई स्वतः खुडून आणते. सोमवारी गणपतीपुळ्याच्या बाजूची दोन माणसं आली. बरोबर एक सदू म्हणून बागेत काम करणारा, मानेला सूज. मशीनवाल्या बाई कुठे राहतात म्हणून विचारत आली. मी त्यांना सिव्हिल हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून दिली आणि त्यांनी पाला मागितला तेव्हा इतक्या जोरात ओरडले की मथुराकाकू बाहेर आल्या. एवढी शिकलीस नि स्वतःच्या औषधावर तुझा विश्वास नाय, असं त्या मला सगळ्यांसमोर म्हणाल्या. त्यांनी फक्त जे ऐकलं ते मानलं. ऐकवलंस तू.

तू असं का केलंस हे मला कळत नाही असं नाही. स्कॉलरशिपच्या परीक्षेला तू मला आरे-वाऱ्याच्या चढणीवरून पहाटे चालवत रत्नागिरीला नेलं होतंस. निकाल लागल्यावर वाडीभर सांगत सुटलास, आमच्या राहीचा आकडा कधी चुकत नाही. त्या वेळी तू स्वतः शाळा सोडलेली होतीस. तेव्हापासून माझ्या हातचा कुठलाही आकडा तुझ्यासाठी खरा ठरलेलाच असतो. मला ते आवडायचं. म्हणूनच डिसेंबरच्या पत्रात, ‘याचा अर्थ एवढाच की तपासून बघायला हरकत नाही’, ही ओळ मी लिहिली नाही. शनिवारपर्यंत मी स्वतःला सांगत होते की मी ती लिहिली होती आणि तू गाळलीस. येताना गाडीत तुला सुनवायची वाक्यंसुद्धा तयार केली होती. मग आपल्या अंगणात उतरताना आठवलं की त्या जागेवर चित्र होतं.

आणि आणखी एक. अकरा दिवस तिला तू नेलंस. सकाळची पाळी बदलून घेतलीस, दोन बस बदलून नेलंस, तिचं तोंड आतून सोलवटलं तेव्हा रात्रभर मिठाचं कोमट पाणी करून देत बसलास. वहिनीने मला सविस्तर लिहिलं होतं. मी पुण्यात होते, पाच तासांवर. एकदाही आले नाही. माझ्या कामाचे दिवस ठरलेले होते, कॉम्प्युटरवर वेळ मिळत नाही, अशी कारणं मी लिहिली. ती खरी होती आणि पुरेशी नव्हती. तुला माणूस हवं होतं, मी आकडा पाठवला. याबद्दल तू मला काहीही बोल, मी ऐकून घेईन. पण त्याने तुझं चुकलेलं कमी होत नाही.

सोमवारीच पोस्टातून मुंबईला ट्रंक कॉल लावला. तीन तासांनी लागला. डॉक्टर आधी माझ्यावर ओरडले, मग बोलले. मध्ये महिन्याहून जास्त खंड पडला आहे. पूर्वीचे चाळीस आता नाहीत. किती आहेत ते तपासल्याशिवाय सांगणार नाहीत, आणि मीही विचारलं नाही. सोमवारी, १७ तारखेला सकाळी नऊला आणा, जागा ठेवतो म्हणाले. पुढची तारीख त्यांनी दिलेली नाही.

मी त्याच दिवशी आईची पिशवी भरली. ती येणार नाही म्हणाली. मला वाटलं, तोंड सोलवटतं त्याची भीती असेल. मथुराकाकूंनाही तू तेच सांगितलं होतंस की आईला सोसवत नव्हतं म्हणून आणली. तेव्हा मी तिला काल सकाळपर्यंत त्या भीतीबद्दलच समजावत राहिले. ती ऐकत राहिली. मग मी काढ्याचं पातेलं मागच्या दारी उपडं केलं, आणि या सगळ्या आजारात ती पहिल्यांदा माझ्यावर रागावली. म्हणाली, “तुझी नोकरी जाईल गो. रघूनं सांगितलान मला. माझ्या अंगावर गुन आला तर तुझा नाव व्हईल, न्हायतर तुला काढतील. मी लाईटला भीत न्हवते. तीसच्या तीस घेतली असती.”

म्हणजे जानेवारीत मुंबईहून इकडे यायला ती तयारच नव्हती. लाईट अर्धवट सोडायला ती नाही म्हणत होती. सोसवत नव्हतं ते तुला, तिला नव्हे. तुला ते बघवत नव्हतं, आणि आईला उठवायला दुसरं काही पुरेना, तेव्हा तू तिच्यासमोर माझी नोकरी ठेवलीस. ती तिथे ठेवली की आई काय करणार हे तुला ठाऊक होतं. मी तिला सांगितलं की माझी नोकरी कुठेही जात नाही, असा नियमच नाही, दादा खोटं बोलला. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिला वाटतं, तिच्या जिवासाठी मी खोटं बोलते आहे. मी जितकं समजावते तितकी तिची खात्री पटते.

म्हणून हे पत्र. मला तुझ्याशी भांडायचं असतं तर मी पुण्याला परत गेल्यावर सवडीने भांडले असते. माझ्या तोंडचं खरं आता तिच्यापाशी चालत नाही, आणि खोटं मला तिच्याशी बोलता येत नाही. ते ज्याने सांगितलं त्यानेच समोर बसून परत घ्यायला हवं. शुक्रवारची रात्रीची गाडी धर, शनिवारी सकाळी पोचशील, रविवारी आपण तिघं निघू. तिला काय सांगायचं ते मी लिहून देत नाही. मला बघवत नव्हतं म्हणून मी रचलं, एवढं सांगितलंस तरी पुरे, ती तुला क्षणात माफ करेल. मी करीन की नाही ते मला माहीत नाही. आज ती माझ्याआधी उठली. मी मागे गेले तेव्हा पातेलं धुऊन पालथं घातलेलं होतं, आणि ती मला म्हणाली की आज घेतला नाही. तिच्या ओठाच्या कडेला हिरवं लागलं होतं. त्या बाजूला तिला आता स्पर्श कळत नाही. मी पदराने ते पुसलं आणि बरं म्हणाले. उत्तर लिहू नकोस. ये.

तुझीच, आणि अजून चिडलेलीच,
राही