कानबाईचं दळण

पाचोरा,
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय रूपा,

अनेक आशीर्वाद. कानबाईमातेच्या कृपेने इकडे सगळे खुशाल आहेत. सकाळपासून दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला. शेवटी जुन्या वहीतली उरलेली कोरी पानं काढून बसले. परवा तुझ्या ललितने सांगितलं, की तू खुब्याच्या ऑपरेशनची तारीख रद्द केलीस. म्हणाला, "मोठी आई, आई आता अंगणातल्या तुळशीपर्यंतसुद्धा जात नाही, दारातूनच हात जोडते. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणते, अक्काचं काय झालं ते पाहिलं ना?"

तू लग्न होऊन शिंदखेड्याच्या घरी आलीस तेव्हाचं तुझं चालणं माझ्या डोळ्यांपुढे आहे. कापूस वेचायला निघालो की तू शेताच्या बांधावर पोचलेली आणि मी अजून नाल्यातच. सासूबाई म्हणायच्या, "धाकलीना पायले चाकं शेतस का वं?" आणि तू पदर तोंडाला लावून हसायचीस. मोठी जाऊ म्हणून मी तुला दटावायचे खरी, पण मनातून तुझा हेवा वाटायचा. तीच तू आता भिंतीला धरून स्वयंपाकघरात जातेस, हे ऐकवत नाही.

माझा खुबा झिजला त्या चार वर्षांत तू मला पाहिलं आहेस. एसटीच्या पायरीवर पाय उचलायचा नाही, मागची माणसं ओरडायची. आरतीला भिंतीला टेकून उभी राहायचे. वैशाखात जळगावला सांधा बदलला आणि दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं केलं. मी डोळे घट्ट मिटून नामस्मरण करत होते, तर व्यायाम शिकवणारा हितेंद्र म्हणतो, "आजी, देव कुठे पळून जात नाही. आधी डोळे उघडा आणि पुढे बघा." चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे त्याने इतक्यांदा म्हणवून घेतलं की स्तोत्रासारखं पाठ झालं. आषाढात काठी टेकत मारुतीच्या देवळात गेले. सात पायऱ्या, कोणाचाही हात न धरता. वर पोचल्यावर देवापुढे नुसती रडत उभी होते.

डॉक्टरांनी बजावलं होतं, की मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर बसून पुढे वाकायचं तर नाहीच नाही. म्हणून यांनी देवघर टेबलावर चढवून दिलं. पहिले काही दिवस उभ्याने पूजा करताना देवाचा अपमान करते आहे असं वाटायचं. मग सवय झाली.

आता श्रावणात कानबाईच्या सणाला आपण सगळे जमलो तेव्हाचं लिहिते. रोटाच्या नैवेद्यासाठी घरातल्या सहाही पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजून ठेवला होता, आठवतं ना? पहिली मूठ मोठ्या सुनेनेच दळायची, हे सासूबाईंनी मला घालून दिलेलं. पण या वर्षी माझ्या सुनेने, चारुलताने, आधीच सांगितलं होतं, की आई, तुम्ही उभ्यानेच गव्हाला हात लावा, दळायला मी बसते. मी हो म्हटलं होतं. मग पुढच्या खोलीत सगळ्या बायकांसमोर आपल्या चुलतसासू पुष्पाकाकू म्हणाल्या, "यंदा मोठी सून खुर्चीवर बसीसन दयनार शे का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. तूही तिथेच होतीस.

हसले, पण ते मला लागलं. चारुलताला फुलं आणायला पाठवलं, मागच्या खोलीचं दार लोटलं आणि जात्यापाशी खाली बसले. हो रूपा, बसले. एक पाय दुमडून, एक लांब करून, जशी तीस वर्षं बसत आले तशी. एक मूठ दळून उठायचं ठरवलं होतं. सहाही नावांचं दळलं. बरं वाटत होतं गं, अगदी पहिल्यासारखं. उठायला म्हणून पुढे वाकले आणि खुब्यात खट् झालं.

तुम्ही सगळ्या धावत आलात तेव्हा मी म्हणाले, की उभी होते, सांधा आपोआपच निसटला. पुष्पाकाकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बठ्ठी मेहनत पानीमा गई." तुझे ‘हे’, मगनभाऊजी, डॉक्टरांवर चिडले. चारुलताने जात्याभोवतीचं पीठ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप ते गोळा केलं. आजवर तिने ते कोणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरांनीही विचारलं, "खाली बसला होतात का?" हातात जपमाळ होती आणि मी नाही म्हणाले. गुंगी देऊन त्यांनी सांधा जागेवर बसवला. फोटो काढून म्हणाले, सांध्यात काही दोष दिसत नाही, कसा निसटला कळत नाही. तू माझ्या उशाशी माझा हात धरून बसली होतीस. तेव्हाच सांगायला हवं होतं.

गेल्या सोमवारी एकटी एसटीने जळगावला गेले आणि डॉक्टरांना खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? घाबरलंय कोण, त्याला सांगा." आज मी विनाकाठी चालते. बाजारातून मेथी-कोथिंबीर स्वतः आणते.

म्हणून हे पत्र. फोनवर मी परत काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती, आणि ऐकलं असतंस फक्त तू. खोटं मी सगळ्यांसमोर बोलले, म्हणून हे भाऊजींना मोठ्याने वाचायला सांग. पुष्पाकाकूंना बोलावून घे, पण त्यांना दोष देऊ नकोस, त्या थट्टाच करत होत्या. मग काय ठरवायचं ते तू ठरव. तारीख घेतलीस तर महिनाभर तुझ्याकडे येऊन राहते. ऑपरेशनची भीती वाटते म्हणून नको म्हणालीस, तर मी एका शब्दाने आग्रह करणार नाही. पण माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून तू घरात बसून राहिलीस, तर ते पाप मला कुठल्याच देवापुढे फेडता येणार नाही.

तुझीच,
कमलअक्का