रिकामं रान

३ फेब्रुवारी २०२५
कॅमेरा सतरामध्ये बाबा! सकाळी सव्वासहा, काखेत कोंबडा, चपला हातात. पेनठाण्यावर निघालेत, आमच्या देवाच्या जागेवर. अभयारण्यासाठी गाव उठवून उमरेडच्या रस्त्याला आणून टाकलं त्याला अकरा वर्षं झाली. देव काही उठला नाही.

इथे नागपुरात माझं काम एवढंच – जंगलातल्या कॅमेऱ्यांचे फोटो चार रकान्यांत टाकायचे. वाघ, इतर प्राणी, माणूस, रिकामा. ‘माणूस’ टाकलं की फोटो थेट वनखात्याकडे. गेल्या वर्षी रुपरावकाका मोहफुलं वेचताना असेच सापडले, अजून कोर्टाच्या तारखांना जातात.

मी ‘रिकामा’ टाकलं. रिकामे फोटो महिनाअखेर पुसले जातात. जाऊ देत.

४ फेब्रुवारी
बाबांना फोन. म्हटलं, जंगलात जाऊ नका.
“काहून? वाघ मले वळखते.”
“कॅमेराबी वळखते, बाबा.”

मग त्यांचं जुनं पुराण. इंग्रज साहेब घोड्यावर आला, रान सरकारजमा केलं आणि कोणाला न विचारता वहीत लिहून गेला – येथे वस्ती नाही. “चुली पेटल्या होत्या वं दीपमाले. धूरबी नाही दिसला त्याले?” शंभर वेळा ऐकलंय. तरी शेवटपर्यंत ऐकलं.

११ मार्च
कॅमेऱ्यात बाबा परत! सोबत गावातल्या तिघी. सगळे रिकामे.

२९ एप्रिल
वनखात्याला अहवाल गेला. कॅमेरा सतरा : मानवी वावर आढळला नाही. खाली माझी सही. आपण फार शहाण्या असं वाटलं. ऑफिसातले दुर्गेशसर म्हणाले, “एकदम साफ काम आहे तुझं.”

१६ जून
बाबा खुशीत. पेनठाण्याच्या हक्कासाठी दावा टाकला होता म्हणे, मला पत्ताच नाही. परवा सुनावणी. “हक्क भेटला का चोरावानी जानं बंद. तू संग ये, कागद वाचाले.”

१८ जून
दावा फेटाळला. “तिथे कोणी जातच नाही,” सुनावणीचे साहेब म्हणाले आणि दोन कागद पुढे सरकवले. एक इंग्रजाच्या वहीतला. दुसरा कॅमेरा सतराचा अहवाल. फोटो कुठून आणू आता? मीच घालवले.

बाबांनी दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. “हा कोनता साहेब हाय वं? नाव वाच.”

मी माझं नाव वाचलं.