पेडगावातली खोटी साक्ष

बाबा, तुमची पेटी परवा मोडीत दिली. भाता उंदरांनी खाल्ला होता, निम्मे सूर मुके झाले होते. ती दारातून गेली तेव्हा मला काडीचंही वाईट वाटलं नाही. तिच्या आवाजाखाली तुम्ही काय झाकलंत ते मी विसरलेले नाही, म्हणून आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले.

तुम्ही पेडगावचे उपदेशक होता. पंधरा-वीस ख्रिस्ती घरं, पत्र्याचं देऊळ आणि रविवारी अंगात काळा कोट. बाकीचे दिवस तुम्ही लोकांच्या भीतीवर उपदेश करत हिंडायचात. कुणाची छाती धडधडली, कुणाच्या पोटात उगीच गोळा आला, की तुमचं निदान तयार असायचं: विश्वास कमी पडतोय. एका वाक्यात वैद्यकी आटोपायची आणि चहा घेऊन उठायचं. इतकं सोपं दुकान अख्ख्या निजामाच्या मुलखात दुसरं नसेल.

मग ते दुखणं तुमच्याच घरात आलं. मी सोळा वर्षांची होते. विहिरीवर घागर भरता भरता हातपाय गार पडले आणि छाती अशी उडायला लागली की वाटलं, मरते आता. कारण काहीच नव्हतं. पुढे ते रोजचंच झालं. तुम्ही मला गुडघ्यांवर बसवलंत, उपास करायला लावलेत. उपासानं धडधड आणखी वाढली. तेवढ्यात मिशनचे साहेब उपासनेला येणार असा निरोप आला. उपदेशकाच्या घरात असलं दुखणं बरं दिसलं नसतं. "उभं राहून साक्ष दे," तुम्ही म्हणालात, "बरी झाले म्हण. म्हटलं की होतं." साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्या मंडळीपुढे सांगायचं, आणि ती खरीच असते असं मला लहानपणापासून तुम्हीच शिकवलं होतं. मी खांब धरून उभी राहिले. छाती धाडधाड उडत असताना म्हणाले, भीती गेली. साहेबांनी मान डोलावली आणि तुमचा चेहरा लग्नातल्या वरबापासारखा फुलला.

मागच्या चटईवर शेजारच्या वाडीची एक विधवा बसली होती. नवरा गेल्यापासून तिलाही तसंच व्हायचं. उपासना संपल्यावर ती तुमच्यापुढे हात जोडून उभी राहिली. "सायेब, मग माजीच कामून जाईना?" तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "हिची गेली. तुझा विश्वास कच्चा आहे." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ती निघून गेली आणि पुन्हा देवळात आली नाही.

ताडकळसची बायबलबाई महिन्याकाठी यायची, घरोघर बायकांना शास्त्र वाचून दाखवायची. वाचताना अडखळायची म्हणून तुम्ही तिच्या माघारी तिची नक्कल करून हसायचात. तिनं मला पाहिलं मात्र, माझ्यापुढं ज्वारीचं सूप ठेवलं. "हात चालू ठेव. खडे काढ, आन् सांग." मी म्हणाले, देवाला सगळं ठाऊक आहे. "त्याला ठावं हाय. मला न्हाई. मला सांग." मी विहिरीचं सांगितलं, उपासाचं सांगितलं, शेवटी साक्षीचं सांगितलं. तिनं उपदेश केला नाही. नुसतं अधूनमधून, "मंग?" सूप संपल्यावर तिनं लहानशी प्रार्थना केली. मला बरं कर असं त्यात नव्हतंच, हिच्याजवळ बस एवढंच होतं. धडधड गेली नाही. पण त्या धडधडीबरोबर कसं बसायचं ते मला हळूहळू कळायला लागलं.

पुढच्या रविवारी मी न विचारता उभी राहिले. म्हणाले, मी खोटं बोलले, माझी भीती गेलेली नाही. त्यापुढचं वाक्य त्या वाडीच्या बाईसाठी होतं. ते तुम्ही कुणाला ऐकूच दिलं नाहीत. पेटीचा भाता ओढलात आणि गायला लागलात, आणि तुमच्यामागून सगळी मंडळी. पाच कडवी होईपर्यंत मी तशीच उभी होते. पुढे रझाकारांना भिणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण सोळा वर्षांच्या पोरीला भ्यालेला पुरुष तो एकच. दुसऱ्या दिवशी मी बायबलबाईला घेऊन वाडीला गेले आणि ते वाक्य त्या बाईच्या दारात सांगितलं. "तुमचा विश्वास कच्चा नाही, मीच खोटं बोलले." तिनं आम्हाला पाणी दिलं.

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात तुम्ही अंथरूण धरलंत. तोवर मी बायबलबाईच्या हाताखाली किती तरी बायकांजवळ सूप घेऊन बसले होते. एका दुपारी तुम्ही माझं मनगट पकडलंत. तुमचा हात गार होता. जन्मभर पुस्तकी बोललात, त्या दिवशी मात्र म्हणालात, "जीव लय घाबरायलाय गं." सूप भिंतीलाच टेकलेलं होतं, ज्वारी निवडायची होती. काय करायचं ते मला पक्कं ठाऊक होतं.

मी मनगट सोडवून घेतलं आणि म्हणाले, "विश्वास कमी पडतोय, बाबा." तुम्ही मान डोलावलीत. तुम्हाला ते खरं वाटलं.

हे मी बायबलबाईलासुद्धा कधी सांगितलं नाही.