ताईचं राहिलेलं वर्ष

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुट्टी संपवून परत आले ती सर्दी घेऊनच, म्हणून पत्राला उशीर. शेवटचं सत्र सुरू झालंय आणि मी दिवस मोजतेय. वसतिगृहाचं तेच पाणचट जेवण, प्रयोगशाळेतला तोच गळका नळ, आणि पहिल्या तासाला तेच सर, जे फळ्याशीच बोलतात. त्यात भर म्हणून खोलीत पहिल्या वर्षाची एक मुलगी आलीय. सकाळी डोळे उघडल्यापासून तिची टकळी सुरू, म्हणून मी तिचं नाव टिटवी ठेवलंय. तिला इथलं सगळंच आवडतं. नळसुद्धा.

आता मुद्द्याचं. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मला नोकरी मिळतेय, पण त्यांना मार्चच्या एक तारखेलाच माणूस हवंय. हजेरी लागते तेवढी भरलीय, परीक्षेपुरती येऊन जाईन. निरोप समारंभ, सहल, फोटो, मला कशातच रस नाही. बाबांना तू समजाव ना! तुझं ते ऐकतात, माझं बोलणं त्यांच्या कानांवरून जातं.

आईला नमस्कार. लोभ आहेच, पत्राला उशीर झाला म्हणून तो आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

१७ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बांधणीच्या दुकानातच वाचलं, पुठ्ठ्याची खळ शिजता शिजता. वाचण्यात गुंगले आणि खळ करपली. बाबांनी वास घेतला आणि खिडकी उघडली.

बाबांना मी काही समजावणार नाही. का, ते ऐक. मला तुझा हेवा वाटतो. आजपासून नाही, तू माझ्याच कॉलेजात पाऊल टाकलंस त्या दिवसापासून. बाबांचा उजवा हात कामातून गेला तेव्हा मी दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आले होते, ती परत गेलेच नाही. तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस. कुणी मला जबरदस्ती केली नाही, हेही खरं. दुकान बंद पडलेलं मलाच बघवलं नसतं.

पण गेल्या आठवड्यात काय झालं सांगते. बांधायला प्रबंध आले, त्यात एक माझ्या बाकावर बसणारीचा निघाला. दोन वर्षं माझ्या वह्या उतरवून काढणारी ती आता डॉक्टर झालीय! तिच्या नावाची सोनेरी अक्षरं मलाच उठवायची होती. मी ती मुद्दाम तिरकी उठवली, ताई म्हणवून घेणाऱ्या बाईनं. कापड वाळत ठेवलं, घरी आले, जेवले. सकाळी लवकर जाऊन ते कापड सोलून काढलं आणि नवं चढवलं. बाबांनी डाव्या हाताचं बोट प्रबंधाच्या कण्यावरून फिरवलं आणि म्हणाले, आजवर एवढं सरळ काम तू केलं नव्हतंस. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तर बाईसाहेब, तुला जे नकोसं झालंय त्यात माझा जीव अडकलाय. एक काम कर. वनस्पतिशास्त्राच्या मागच्या खोलीत, जिथे वाळवलेली पानं ठेवतात, तिथे दुपारी चारला जाऊन बस. आणि काय दिसतं ते मला लिही. एवढं केलंस तर नोकरीचं बाबांशी बोलेन.

सर्दीला जप. माझ्यावर राग आला असेल तर तो पत्रातून पाठव, मनात ठेवू नकोस.

तुझी,
ताई

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राग आला होता. चार दिवस पत्र लिहायलाच बसले नाही. हेवा वाटतो म्हणे! लहानपणापासून घरात ताईचं अक्षर, ताईचे हात, ताईचा समजूतदारपणा ऐकून माझे कान किटले आहेत, आणि हेवा तुला?

तरी गेले. तीन वर्षांत त्या बाजूला फिरकलेसुद्धा नव्हते. चारला तिथे ऊन तिरपं येतं आणि कपाटांच्या काचा पिवळ्या होतात. जुन्या कागदाचा वास थेट आपल्या दुकानासारखा. आणि तिथे कोण बसलेलं असावं? टिटवी! खिडकीच्या कट्ट्यावर पाय सोडून माळीकाकांशी गप्पा मारत होती. माळीकाकांनी तिला हाक मारून एक रोप दाखवलं आणि मला विचारलं, तुम्ही पाहुण्या का? तीन वर्षं त्यांच्या समोरून जातेय मी!

ताई, त्या पोरीचा मला असा हेवा वाटला की काय सांगू! तिच्याकडे अजून अडीच वर्षं आहेत आणि माझ्याकडे तीन महिने. त्या दिवसापासून मी तिच्या मागे मागे फिरतेय. ग्रंथालयाच्या मागच्या पायऱ्या, गच्चीचा सैल कडीचा दरवाजा, सगळं तिनं दाखवलं. फळ्याशी बोलणाऱ्या सरांच्या समोर परवा पहिल्या बाकावर बसले. ते फळ्याशी बोलत नाहीत गं, त्यांचा आवाजच बारीक आहे. आणि पुढे बसलं तर मजेशीर बोलतात.

नोकरीवाल्यांना नकार कळवला. जूननंतर बघू म्हणाले, बघतील किंवा न बघतील.

आता रागावू नकोस. कचेरीत जाऊन तुझ्या नावाची चौकशी केली. कारकूनबाईंनी रजिस्टर काढलं. दोन वर्षं पूर्ण करून सोडलेल्यांना सात वर्षांच्या आत तिसऱ्याला बसता येतं. तुझी मुदत या जूनला संपते. फॉर्म सोबत आहे. वर्षभर दुकानात मी बसेन. बाबांनाही वेगळं पत्र टाकलंय.

मार खायची तयारी आहे, माया मात्र कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद. (अनेक नाहीत.)

तुला कुणी सांगितले होते हे उपद्व्याप? मला विचारायचं नाही, आणि बाबांना परस्पर पत्र! काल त्यांनी जेवताना विषय काढला. मला वाटलं, नाही म्हणतील. म्हणाले, येऊ दे धाकटीला, तिची बोटं लांब आहेत, शिवण चांगली बसेल. सात वर्षं मी दाभण चालवतेय, माझ्या बोटांबद्दल ते कधी बोलले नाहीत. आई हसली. मी ताटावरून उठले.

फॉर्म फाडला नाही. पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलाय.

खरं सांगू? भीती वाटते. सत्ताविसाव्या वर्षी त्या पोरींमध्ये बसायचं? विसरलंय सगळं. आणि मी तिकडे अडखळत असताना तू इकडे बाबांची लाडकी होशील, हेही डोक्यात येतं. बघ, कशी आहे तुझी समजूतदार ताई.

पत्राचं उत्तर लगेच नको. मला जरा फुगून बसू दे.

ताई

२६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेवटचं प्रात्यक्षिक आज झालं. नळ गळत होता, आणि मी वेड्यासारखी त्याच्याकडे बघत उभी. फोटोत मी मधोमध आहे, टिटवीनं ढकललं म्हणून. माळीकाका आता मला नावानं हाक मारतात. सगळं आपलं व्हायला लागलं आणि निघायची वेळ झाली.

माझी खाट खिडकीजवळची आहे. ती कुणाला तरी मिळणार या विचारानंच मला जळायला होतं. तुला मिळाली तर कमी जळेन. टिटवीनं तिच्यावर दप्तर टाकून ती अडवून ठेवलीय. तू कळव, नाहीतर दप्तर उचलायला सांगते.

पाया पडते. आता तरी फुगणं सोड.

धाकटी

२१ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. (या वेळी सगळे.)

येऊन तीन आठवडे झाले. टिटवीनं दप्तर उचलून तुझी खाट मला दिली. पहिल्याच दिवशी एका मुलीनं मला बाई समजून उभं राहून नमस्कार केला, आणि मी तिच्या शेजारी जाऊन बसले तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुसऱ्या आठवड्यात हात वर करून उत्तर दिलं. साफ चुकलं. सगळे हसले. आधी कान तापले, मग मीही हसले. वह्या आता मी इतरांच्या उतरवते.

बाबांचं पत्र आलं, डाव्या हातानं लिहिलेलं. निम्मं पत्र तुझ्यावर. तुझ्या खळीत गुठळ्या होतात, तू शिवताना गुणगुणतेस, गिऱ्हाइकांना तुझं बोलणं आवडतं. दाभण कसा धरायचा हे ते तुला शेजारी बसून शिकवतात म्हणे. मला नाही शिकवलं कुणी, मी बघून शिकले. वाचून जळले बरं का. मग वाटलं, तेव्हा त्यांना शिक्षण सोडलेल्या माझ्याकडे बघवतच नसेल. परत आले की विचारेन. तोवर तू त्यांच्याकडून सगळं काढून घे, अगदी कंटाळेपर्यंत.

तुझ्यावर रोज थोडी जळत राहीन, तूही जळ, तेवढीच आठवण. आता तास आहे, पळते. उशीर झाला तर वर्गाबाहेर उभं करतात. करू देत. दारातूनही फळा दिसतो.

तुझी,
ताई