पावट्याचं डांगर, न चाखता

२८ डिसेंबर २००८, रविवार

फजिती! मंगळवारी ऑफिसात प्रत्येकाने घरून काहीतरी करून न्यायचं आहे आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले — या मोसमातल्या भाजीचं डिप आणि सोबत घरी केलेल्या कुरकुरीत चकत्या आणीन! बाजारात सध्या ओल्या पावट्याच्या शेंगांचे ढीग. आज दाणे वाफवले, वाटले, दही घातलं. अनिकेतने बोटभर चाटलं आणि तांब्याभर पाणी प्यायला. "मीठ दोनदा घातलंस का गं?" घातलं होतं. चाखत चाखत घालत गेले, आणि जिभेला शेवटी काही कळेनासंच झालं. चकत्यांबद्दल न लिहिलेलं बरं.

वाटी घेऊन खाली घरमालकीणबाईंकडे गेले, काही उपाय आहे का विचारायला. अन्नपूर्णाबाई. वय त्र्याहत्तर, एकट्या राहतात. तंजावरच्या मराठी, तीनशे वर्षांपूर्वी यांची माणसं इकडे तमिळ मुलखात आली. बोलायला लागल्या की जुन्या पोथीतलं कुणीतरी बाहेर येऊन बसलंय असं वाटतं, मध्येच तमिळ. माझी वाटी त्यांनी बोटांनी पुसून खाल्ली. चेहरा शांत. "बरं जालंय गे." किती मोठं मन! माझ्या नवऱ्याने शिकावं.

मग म्हणाल्या, "डिप काय नि गिप काय. हें आमचं डांगर. उदईक ये, दाखवितें."

२९ डिसेंबर, सोमवार

माझी दुपारची शिफ्ट, म्हणून सकाळी साडेसातलाच खाली. काय बाई आहे ही!

पावटे रात्रभर भिजवलेले. दाणा चिमटीत दाबला की सालीतून टुणकन उडतो. माझे निम्मे कपाटाखाली गेले, त्यांचा एक चुकला नाही. वाफवून मिक्सरला नाही लावायचे, लाकडी रवीच्या बुडाने चेचायचे. घट्ट दही, मिरची, किसलेली आंबेहळद — ती पण आत्ताच मिळते. वर तिळाच्या तेलाची फोडणी. मीठ तळहातावर, अंगठ्याखालच्या रेषेपर्यंत. बस्स.

मी चमचा पुढे केला — बघता का चाखून? त्यांनी हात मागे घेतला. "देवास दाखविल्याविना जिभेस लावूं नये."

आमच्या मिरजेलाही नैवेद्याचं कुणी चाखत नाही, पण ते सणावारी. या रोज! आणि चव? देवापुढची वाटी परत आल्यावर मी खाल्लं. काय सांगू! एक कण इकडेतिकडे नाही.

चकत्या म्हणजे इथल्या थट्टै. तांदळाचं पीठ, भाजलेल्या उडदाचं पीठ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, लोणी. जुन्या धोतराच्या फडक्यावर थापायच्या. तळताना त्या कढईत बघतही नाहीत. "कान दे. तेल बोलायचं थांबलं कीं काढ." मी कान दिला. खरंच थांबतं!

३० डिसेंबर

डबा पुसून रिकामा! आमच्या मॅनेजरने रेसिपी लिहून मागितली. "तळहाताच्या रेषेपर्यंत मीठ" हे ईमेलमध्ये कसं लिहायचं?

५ जानेवारी २००९, सोमवार

बाईंचं आज लक्ष नव्हतं. डाळ निवडून झालेली, पुन्हा निवडत बसल्या. मग सांगितलं. मुलगा सेतुमाधव बंगळूरहून पोंगलला येतोय. या वयात आईने एकटं राहायचं नाही, असं त्याचं म्हणणं. तिला घेऊन जाणार, घराला कुलूप.

"तेथं मज स्वयंपाकघरांत येऊं देत नाहीत गे. सून चांगली आहे. खुर्ची देते, टीव्ही लावून देते. मी काय करूं त्या खुर्चीचं?"

मला एवढा राग आला! या बाईला खुर्चीत बसवणार? मी म्हटलं, येऊ दे त्यांना, मी बोलते. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

९ जानेवारी

मीही आज न चाखता केलं. बाईंसारखं मीठ रेषेपर्यंत. अनिकेत श्रीपेरुंबुदूरच्या कंपनीच्या बसमधून दमून आला, दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि काही बोलला नाही. त्याचं न बोलणं म्हणजे पदकच! फार फार आवडतात मला या बाई. आईला फोनवर सांगितलं तर आईने विषयच बदलला.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत, इथला पोंगल. सेतुमाधव कालच आले. पन्नाशीचे, चष्मा, चांगले सभ्य. मी उगाच राक्षस गृहीत धरला होता.

दहा पानं! त्यांचे चुलते, भाचरं, आम्ही दोघं. सगळं बाईंनी एकटीने रांधलं. मला फक्त थट्टै थापायला बसवलं. एक पदार्थ चाखला नाही आणि एकाला नाव ठेवायला जागा नाही. पावट्याचं डांगर तर भाचरांनी पातेल्याला पोळी फिरवून संपवलं. माझी मान अशी ताठ, जणू मीच केलं!

१५ जानेवारी

जिन्यात सेतुमाधवांनी थांबवलं. "तुम्ही रोज बघता. खरं सांगा हं. अम्मा एकटी मॅनेज करते नं? काही प्रॉब्लेम नाही नं?"

मी म्हटलं, "अहो, दहा माणसांचं न चाखता रांधतात! तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहेत. मी वर आहेच, माझी जबाबदारी."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "सरी, ठीक आहे. मग मी फोर्स करत नाही." संध्याकाळच्या गाडीने गेले, एकटेच.

बाईंनी माझ्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मी रडले. आज आयुष्यात एक काम नीट केलं!

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी जिन्यातच गॅसचा वास आला. धावले. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, बटण चालूच. बाई देवघरातून येऊन ओट्यापाशी उभ्या, काडी पेटीला लावलेली. मी हातावर फटका मारला. बटण बंद केलं, सगळ्या खिडक्या उघडल्या.

"काय जालं गे?" त्या खरंच विचारत होत्या.

"बाई, वास नाही आला?"

पदराने ओटा पुसत बोलल्या. "पांच वर्सें जालीं. एक ताप आला, वास गेला. चवही गेली. सेतूस सांगूं नको गे बाळे, कण्णा. नेईल तो मज."

त्यांच्यासमोरच सेतुमाधवांना फोन लावला. त्या खाली बसून सांडलेल्या काड्या वेचत राहिल्या.